वाळकी फांदी, बोलकी चिठ्ठी

शाळेत असताना वहीच्या पानांत पिंपळाचं पान जपून ठेवलेलं आठवतंय? काही महिन्यांनी वही उघडावी, तर हिरवा रंग उडालेला आणि मागे नाजूक जाळी उरलेली. ते पान कुठल्या गावच्या पिंपळाचं होतं, कुठल्या दिवशी उचललं होतं, हे आज कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. तेवढीच माहिती एका चिठ्ठीवर लिहून पानाशेजारी चिकटवली असती, तर ते पान विज्ञानाच्या कामाचं झालं असतं. वाळवलेल्या वनस्पतींच्या अशा संग्रहाला म्हणतात हर्बेरियम. जगभरात साडेतीन हजारांहून अधिक हर्बेरियम आहेत आणि त्यांत सुमारे ४० कोटी नमुने सांभाळून ठेवले आहेत.

या अफाट भांडारातला एकच कप्पा आज उघडू या. कप्प्यावर नाव आहे लारिया. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या वाळवंटांत वाढणाऱ्या झुडपांची ही प्रजाती. जाती मोजून पाच, पण गोष्टी पोतंभर!

पान आपट्यासारखं, नातं सराट्याशी

लारियाच्या बहुतेक जातींचं पान पाहिलं की मराठी माणसाला दसरा आठवावा. दोन दलं देठाशी जोडलेली, अगदी नखाएवढा आपटाच! पण हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं. आपट्याचं कूळ वेगळं. लारियाचा खरा नातेवाईक आपल्या पायवाटेवर पसरलेला असतो आणि चप्पल नसेल तर आपल्याला चांगलाच भेटतो. तो म्हणजे सराटा, काटे गोखरू. दोघांचं कूळ एकच. दोघांचीही फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. दोघांचंही फळ पिकल्यावर पाच भागांत फुटतं. फरक इतकाच की सराट्याच्या फळाला टोचरे काटे, तर लारियाच्या फळावर पांढरी मऊ लव.

कागद एक, नोंदी ढीगभर

हर्बेरियमचा कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २९ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर दाबून वाळवलेली फांदी, शक्यतो फुलाफळांसकट. खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, उंची, जमीन कशी, शेजारी काय उगवलं होतं, गोळा कुणी केलं आणि त्याचा क्रमांक कोणता. पानं गळून पडली तर ती ठेवायला कागदालाच एक छोटी पुडी चिकटवलेली असते.

वनस्पती दाबून वाळवण्याची रीत सोळाव्या शतकात इटलीचे लुका गिनी यांनी रूढ केली, असं मानतात. आजही पद्धत जवळपास तीच आहे. शत्रूही तेच आहेत: कीड आणि दमट हवा. पूर्वी किडीपासून वाचवायला नमुन्यांवर पाऱ्याचा विषारी क्षार लावायचे. आता कागदांचे गठ्ठे काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. किडे मरतात, माणसं सुखरूप राहतात.

आणखी एक गंमत. गोळा करणारा बहुधा एकाच झुडपाच्या चार-पाच फांद्या घेतो आणि त्या वेगवेगळ्या संस्थांना पाठवतो. त्यामुळे वाळवंटातलं एकच झुडूप न्यूयॉर्कमध्येही असू शकतं आणि लंडनमध्येही. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडे साक्षीदार शिल्लक राहतो.

सेनापती तुरुंगात, झुडूप पुस्तकात

१७८९ साली स्पेनमधून मालास्पिना यांची मोठी सागरी मोहीम निघाली. बरोबर वनस्पतींचे अभ्यासक होते लुई ने. १७९४ मध्ये हे ने महाशय चिलीहून अँडीज पर्वत ओलांडून जमिनीवरून ब्युनोस आयर्सच्या दिशेने गेले. वाटेत वनस्पती गोळा करत गेले. आजच्या अर्जेंटिनाच्या कोरड्या मुलखातली लारियाची झुडपं त्यांच्या गठ्ठ्यातून माद्रिदला पोहोचली.

मोहीम परतली आणि राजकारणाचं चक्र फिरलं. मालास्पिना यांना १७९५ मध्ये अटक झाली आणि पुढची काही वर्षं त्यांनी किल्ल्यातल्या कोठडीत काढली. मोहिमेचा भव्य अहवाल रखडला. पण माद्रिदचे वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिय्येस वाळलेल्या फांद्या न्याहाळत बसले होते. १८०० साली त्यांनी लारिया ही नवी प्रजाती आणि तिच्या तीन जाती जाहीर केल्या. मोहिमेचा प्रमुख अजून कैदेत होता, त्याच्या मोहिमेतलं झुडूप मात्र विज्ञानात दाखल झालं होतं!

नाव कुणाचं? हुआन अंतोनियो एर्नांदेस पेरेस दे लारिया या स्पॅनिश धर्मगुरूंचं. विज्ञानाला मदत करणारे म्हणून त्यांची ख्याती होती.

दहा दिवसांत हजाराहून अधिक चित्रं

उत्तर अमेरिकेतल्या लारियाच्या शास्त्रीय नावामागे सेसे आणि मोसिन्यो ही जोडी आहे. १७८७ ते १८०३ या काळात स्पेनच्या राजाने मेक्सिकोत पाठवलेल्या वनस्पती मोहिमेचे हे कर्ते पुरुष. पुढे मोसिन्यो परागंदा झाले आणि मोहिमेतली चित्रं त्यांनी जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कॉन्दोल यांच्या हाती सोपवली. १८१७ मध्ये मोसिन्यो यांनी ती अचानक परत मागितली. मायदेशी जायचं होतं आणि चित्रं बरोबर हवी होती.

द कॉन्दोल यांनी जिनिव्हाच्या नागरिकांना साद घातली. शंभराहून अधिक माणसं, त्यांत बऱ्याच हौशी चित्रकार स्त्रिया, कुंचले घेऊन बसली आणि सुमारे दहा दिवसांत हजाराहून अधिक चित्रांच्या नकला तयार झाल्या. अख्ख्या गावाने मिळून केलेली ही बेगमी पुढे फार मोलाची ठरली, कारण मूळ चित्रं मोसिन्यो यांच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षं गायब होती. ती बार्सिलोनातल्या एका कुटुंबाकडे निघाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या हंट संस्थेत पोहोचली. दरम्यान, १८२४ मध्ये द कॉन्दोल यांनी आपल्या ग्रंथात या मेक्सिकन झुडपाचं नाव छापून टाकलं होतं.

खेचर दरीत, गठ्ठे पुरात

जॉन फ्रेमाँट हे अमेरिकेचे नावाजलेले भूशोधक. १८४४ च्या सुरुवातीला बर्फाळ सिएरा नेवाडा उतरताना त्यांचं एक खेचर कड्यावरून कोसळलं. त्याच्या पाठीवर कित्येक महिन्यांत जमवलेल्या वनस्पती होत्या. सगळं गेलं. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये मोहावी वाळवंटात लारियाच्या झुडपांतून वाट काढली. एवढ्यावर संकटं थांबली नाहीत. परतताना कॅन्सस नदीला महापूर आला आणि राहिलेल्या गठ्ठ्यांत पाणी शिरलं.

या सफरीत सुमारे १,४०० जातींचे नमुने गोळा झाले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक नष्ट झाले. उरलेल्यांतले अनेक इतके खराब झाले होते की ते ओळखताना वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांच्या नाकी नऊ आले. तरी त्या चिखलभरल्या फांद्यांमधून लारियाचं वर्णन १८४५ मध्ये छापलं गेलं. हर्बेरियममधले कित्येक जुने कागद अशा कुठल्यातरी संकटातून तरून आलेले असतात.

नजरकैदेतला डॉक्टर

सेंट लुईसचे डॉक्टर विसलिझेनुस १८४६ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि नेमकं त्याच वेळी अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं. चिवावाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना डोंगरातल्या एका खाणीच्या गावी नजरकैदेत ठेवलं. डॉक्टरांनी काय केलं? परवानगी होती तेवढ्या टापूत फिरून वनस्पती जमवल्या! सुटका झाल्यावर सगळे नमुने त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र एंगेलमान यांच्याकडे दिले. १८४८ च्या अहवालात एंगेलमान यांनी लारियाला ‘ग्लुटिनोसा’ म्हणजे चिकट असं नाव दिलं. पानांवर राळेचा चकचकीत थर असतो, त्यामुळे नाव अचूक बसलं.

झुडूप एक, बारशी अनेक

आता गोंधळ बघा. उत्तर अमेरिकेतल्या या झुडपाला द कॉन्दोल यांनी झायगोफायलम म्हटलं. मोरिकां यांनी १८३९ मध्ये लारिया मेक्सिकाना म्हटलं. टॉरी आणि फ्रेमाँट यांनी कॅलिफोर्नियाचं नाव जोडलं, तर एंगेलमान यांनी चिकटपणाचं. १८९३ मध्ये फ्रेडरिक कोव्हिल यांनी लारिया ट्रायडेंटाटा हे जोडनाव पक्कं केलं आणि सगळं मिटलं, असं वाटलं.

मिटलं कुठे! ऑर्तेगा यांनी १७९७ मध्येच एका शेंगवर्गीय वनस्पतीला लारिया म्हटलेलं होतं. नियम म्हणतो, आधीचं नाव खरं. म्हणून १८९५ मध्ये ॲना मरे व्हेल यांनी आपल्या झुडपाला नवं नाव दिलं: कोव्हिलिया. कोव्हिल यांच्या सन्मानार्थ. याच व्हेल पुढे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या पहिल्या ग्रंथपाल झाल्या. अखेर शास्त्रज्ञांनी खास अपवाद करून कावानिय्येस यांचं लारिया हेच नाव राखून ठेवलं.

या सगळ्या बारशांचा पुरावा जुन्या कागदांवर मिळतो. नाव बदललं तरी हर्बेरियममध्ये जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. शेजारी नवी चिकटवतात, सही आणि तारीख घालतात. एकाच फांदीभोवती तीन-चार पिढ्यांचे शास्त्रज्ञ आपापलं मत मांडत बसलेले दिसतात.

कोव्हिल यांची आणखी एक ओळख सांगायलाच हवी. १८९१ च्या डेथ व्हॅली मोहिमेचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत रानटी ब्लूबेरीला शेतात आणण्यात यशस्वी झाले. अमेरिकेतल्या सर्वांत कोरड्या मुलखाचा जाणकार आणि ओलसर, आम्ल जमिनीत वाढणाऱ्या फळाचा जनक, एकच माणूस!

उंदराने जपलेलं हर्बेरियम

माणसाने हर्बेरियम सुरू केलं त्याच्या हजारो वर्षं आधीपासून एक उंदीर हेच काम करतोय. नाव पॅकरॅट. दिसेल ते उचलून बिळात नेणं हा त्याचा स्वभाव. काड्या, पानं, बिया, निवडुंगाचे काटे, हाडं, सगळं जवळपासच्या टापूतून आणून तो कपारीत रचतो आणि वर मूत्रविसर्जन करतो. कोरड्या हवेत मूत्राचे स्फटिक होतात आणि अख्खा ढीग राळेत घातल्यासारखा घट्ट होतो. पाऊस पोहोचला नाही तर तो ढीग हजारो वर्षं टिकतो. काही तर रेडिओकार्बन पद्धतीने मोजता येईल त्या मर्यादेपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास हजार वर्षं जुने आहेत.

१८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या काही भुकेल्या प्रवाशांनी हे चकचकीत गोळे मिठाई समजून खाल्ले आणि नंतर त्यांना मळमळलं. त्यातलं विज्ञान कळायला १९६४ साल उजाडलं. फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेनसन यांनी नेवाडातल्या ढिगांचा अभ्यास करून दाखवलं की आज उजाड असलेल्या डोंगरांवर हिमयुगात ज्युनिपरची झाडं होती.

लारियाचा इतिहासही याच ढिगांतून उलगडला. ॲरिझोनाच्या तिनाहास आल्तास डोंगरांतल्या ढिगांत लारियाचे अठरा हजार वर्षांहून जुने अवशेष मिळाले. हिमयुग सरल्यावर झुडूप दक्षिणेकडून उत्तरेकडे कसं सरकत गेलं, हे ढिगामागून ढीग तपासून नकाशावर मांडता आलं. उंदराच्या नमुन्याला चिठ्ठी नसते, पण जागा पक्की असते आणि तारीख रेडिओकार्बन सांगतो.

२६, ५२, ७८!

हा पाढा लारियाच्या पेशीत दडलाय. उत्तर अमेरिकेतल्या चिवावा वाळवंटात तिच्या पेशीत २६ गुणसूत्रं. पश्चिमेला सोनोरा वाळवंटात ५२. त्याहून पुढे मोहावीत ७८. तीन वाळवंटं, तीन हिशेब. बाहेरून पाहिलं तर झुडपं साधारण सारखीच.

मग वाळलेल्या फांदीवरून ओळखायचं कसं? पानावरच्या प्रत्येक सूक्ष्म छिद्राला दोन रक्षक पेशी असतात, त्यांचा आकार मोजायचा. गुणसूत्रं जास्त, तर पेशी मोठ्या. ही युक्ती इतकी कामाची ठरली की २००१ मध्ये किंबर्ली हंटर आणि सहकाऱ्यांनी ती थेट पॅकरॅटच्या ढिगातल्या पानांना लावली. परिणामी हिमयुगानंतर कुठल्या प्रकारची लारिया कुठे होती, याचा अंदाज बांधता आला. शेकडो, हजारो वर्षांपूर्वी मेलेलं पान आजही आपली गुणसूत्रं सांगू शकतं, ही गोष्ट मला तरी थक्क करून टाकते.

एक कडं, वय ११,७००

कॅलिफोर्नियातल्या ल्युसर्न व्हॅलीजवळ लारियाच्या झुडपांचं एक लंबगोल कडं आहे. नाव किंग क्लोन. मधोमध मोकळी जमीन आणि भोवती झुडपं. पण ही झुडपं वेगवेगळी नाहीत. एकाच बीजातून उगवलेलं मूळ झुडूप बाहेरच्या बाजूने फुटत गेलं, मधला भाग मरत गेला आणि कडं रुंदावलं. रिव्हरसाइड इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फ्रँक वासेक यांनी १९८० मध्ये वाढीच्या वेगावरून त्याचं वय सुमारे ११,७०० वर्षं काढलं. वेग वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी!

नमुना गोळा करणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. कड्याच्या दोन टोकांवरून दोन फांद्या तोडल्या तर कागदावर त्या दोन झुडपं वाटतील. प्रत्यक्षात तो एकच जीव. ही बाब फांदी सांगणार नाही, चिठ्ठीनेच सांगायला हवी.

पानात होकायंत्र

अर्जेंटिनात लारियाला ‘हारिया’ म्हणतात. तिथल्या एका जातीचं लोकनाव आहे ‘उत्तर-दक्षिण हारिया’. का? तिची पानं आणि फांद्या एका ठराविक दिशेने रचलेल्या असतात. पानांच्या कडा उत्तर-दक्षिण आणि सपाट बाजू पूर्व-पश्चिम. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन पानभर मिळतं आणि दुपारचा कडक सूर्य फक्त कडेवर येतो. वाटसरूला दिशा कळते ती वेगळीच.

आणि हीच गोष्ट दाबणीत हरवते. नमुना दाबला की सगळी पानं कागदाच्या पातळीत आडवी. म्हणून जाणकार माणूस पानांची दिशा रानातच वहीत टिपून घेतो. दाबणीत जे टिकणार नाही ते आधी लिहायचं: फुलाचा रंग, वास, झुडपाची उंची, पानाची दिशा. हर्बेरियमचा हा पहिला नियम.

हजारो किलोमीटरचं माहेर-सासर

अर्जेंटिनाची लारिया डिव्हॅरिकाटा आणि मेक्सिको-अमेरिकेची लारिया ट्रायडेंटाटा शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. काही अभ्यासकांनी दोघींना एकच जात मानलंही होतं. पण दोघींच्या मध्ये आहेत विषुववृत्ताचा पट्टा, दाट जंगलं आणि हजारो किलोमीटरचं अंतर. प्रजातीच्या चार जाती दक्षिणेत आहेत आणि उत्तरेत एकच. त्यामुळे माहेर दक्षिणेचं, हे नक्की. बी उत्तरेला पोहोचलं ते बहुधा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर. दक्षिणेतली एक जात तर पॅटागोनियाच्या थंड वाऱ्यात जमिनीला चिकटून सरपटते.

फांदीबरोबर आलेले पाहुणे

लारियाच्या फांदीवर कधीकधी गोल, केसाळ किंवा पानांचा झुबका असल्यासारखी गाठ दिसते. नवख्याला वाटतं, हेच फळ! ती असते एका चिमुकल्या माशीची करामत. अस्फोन्डिलिया या गटातल्या पंधराच्या आसपास जाती लारियावर गाठी करतात आणि प्रत्येकीचा आकार निराळा. कुणी पानावर, कुणी खोडावर, कुणी कळीत. त्यामुळे जुने नमुने वनस्पतीबरोबर कीटकांचीही नोंदवही ठरतात.

मधमाश्यांच्या २२ जाती फक्त लारियाच्याच परागावर पिल्लं वाढवतात. एक नाकतोडा तर फक्त हीच पानं खातो. आणि एक ओळखीचा पाहुणा: लाखेचा किडा! आपल्याकडे पळस आणि कुसुमावर लाख तयार होते, त्याच कुळातला एक किडा लारियाच्या फांद्यांवर लाख तयार करतो. तिथले मूळ रहिवासी ती वितळवून बाणाची टोकं बसवायला आणि भांडी लिंपायला वापरत.

नाव दुर्गंधी, ओढ पावसाची

मेक्सिकोत या झुडपाचं एक नाव आहे ‘एदियोंदिया’, म्हणजे छोटी दुर्गंधी. दुसरं नाव ‘गोबेर्नादोरा’, म्हणजे राज्य करणारी. इंग्रजी नाव क्रिओसोट बुश, कारण वास डांबरी तेलासारखा. पण तिथला माणूस परगावी गेला की त्याला याच वासाची आठवण येते. कारण वाळवंटात पहिला पाऊस पडला की हवेत पसरतो तो लारियाचा गंध. आपल्याकडे मृद्गंध, तिकडे लारिया.

वासामागे राळ आहे आणि राळेत आहे एनडीजीए नावाचं रसायन. ते चरबी आणि लोणी खवट होऊ देत नाही, म्हणून १९४० च्या दशकात अमेरिकेत खाद्यपदार्थांत वापरलं जाऊ लागलं. पुढे उंदरांच्या मूत्रपिंडावर त्याचे दुष्परिणाम दिसले आणि १९६८ मध्ये अमेरिकी सरकारने ते सुरक्षित पदार्थांच्या यादीतून काढलं. या पानांच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. पॅकरॅटला मात्र ही पानं पचतात. युटा विद्यापीठाच्या केव्हिन कोल आणि डेनिस डिअरिंग यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की हे विष पचवण्यात त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा हात आहे.

वजाचं चिन्ह विसरलं आणि झुडूप चीनला गेलं

आता लाखो नमुन्यांची छायाचित्रं आणि चिठ्ठ्या संगणकावर आल्या आहेत. घरबसल्या लारियाचा नकाशा काढता येतो. पण एक छोटी चूक काय करते ते पाहा. किंग क्लोनचा परिसर साधारण ३४ अंश उत्तर, ११७ अंश पश्चिम. संगणकात पश्चिम रेखांश वजा चिन्हाने लिहितात. ते चिन्ह राहिलं की झुडूप थेट पूर्व चीनमध्ये, श्यूचौ शहराच्या आसपास! अर्जेंटिनातल्या मेन्डोझाच्या नमुन्यात अक्षांशाचं वजा चिन्ह राहिलं तर तो पडतो बर्म्युडाच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात. दोन्ही चिन्हं राहिली तर अफगाणिस्तानात.

अशा वेळी वाद मिटवते ती मूळ चिठ्ठी. म्हणून संगणक आला तरी कागद टाकून द्यायचा नसतो.

सगळीकडे दिसतं, म्हणून कुणी घेत नाही

दुर्मिळ रोप दिसलं की गोळा करणारा गुडघे टेकून बसतो. जे मैलोन्‌मैल पसरलेलं आहे त्याकडे तो वळूनही पाहत नाही. जे घेतो तेही रस्त्याच्या कडेचं. त्यामुळे हर्बेरियममधल्या नमुन्यांची संख्या आणि रानातली झुडपांची संख्या यांचा मेळ बसत नाही. अभ्यासकाला हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

पण सामान्य झुडपाची नोंदच कधी फार मोलाची ठरते. न्यू मेक्सिकोच्या होर्नादा भागात १८५८ मध्ये जमीन मोजणाऱ्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, इथे गवत चांगलं आहे. १९६३ पर्यंतच्या पाहणीत त्याच जमिनीवर लारिया आणि मेस्किट या झुडपांनी ठाण मांडलं होतं. कुरण झुडपाळ कसं झालं, हे त्या साध्या वहीमुळे सिद्ध करता आलं.

भूकंपातून वाचलेला गठ्ठा

ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं नाव ठरतं त्याला ‘टाइप’ म्हणतात. तो हरवला तर नावाचा आधारच जातो. कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ॲलिस ईस्टवुड यांनी असे नमुने वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, जिना ढासळला आणि आग जवळ येत होती. ईस्टवुड कठड्याला धरून सहाव्या मजल्यावर चढल्या आणि एका मित्राच्या मदतीने दोरीने गठ्ठे खाली सोडत १,४९७ नमुने वाचवले. स्वतःच्या घरातलं सामान मात्र आगीत गेलं.

आपल्या अंगणात

लारिया महाराष्ट्रात रानात उगवत नाही, पण वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासाशी मुंबईचं जुनं नातं आहे. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि प्राध्यापक हॉलबर्ग यांनी १९१७ मध्ये जोधपूर-जैसलमेरचा वाळवंटी मुलूख पालथा घातला. त्यांची ‘फ्लोरा ऑफ द इंडियन डेझर्ट’ ही लेखमाला १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आजही अभ्यासकांना खुलं आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे. लारियाचे सराटा-धमाशासारखे भाऊबंद तिथल्या कपाटांत शांत झोपलेत.

आणि शेवटी एक विनंती. फ्रेमाँट यांना गुणसूत्रं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. लुई ने यांच्या काळात रक्षक पेशी मोजण्याची कल्पना नव्हती. हवामान बदलाचा प्रश्न तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी जिथे जागा आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिली गेली, तिथे त्यांना न सुचलेल्या प्रश्नांची उत्तरं आज जुन्या फांद्या देतात. तुमच्या मुलांनी पुढच्या वेळी वहीत पान ठेवलं, तर त्यांच्या हातात पेन्सिल द्या. पानाखाली गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहायला सांगा. दोनच ओळी लागतात, आणि त्या त्याच दिवशी लिहायच्या असतात.